मज्जारज्जूच्या इजेनंतरचे पुनर्वसन : एका खेळाडूच्या निमित्ताने अनुभवलेल्या केंद्राचे परीक्षण

ज्या निवासी पुनर्वसन केंद्राचे हे परीक्षण आहे, तेथे केवळ मज्जारज्जूला इजा झालेल्या रुग्णांवर उपचार होतात. मी जिम्नॅस्टिक्सचा प्रशिक्षक आहे. माझ्याकडे सराव करणारी एक तरुण खेळाडू उडी पूर्ण होण्याआधीच मानेवर आदळली, मानेतील पाचव्या आणि सहाव्या मणक्यांचा सांधा निखळला, शस्त्रक्रियेने मणके स्थिर करण्यात आले आणि त्यानंतर तिला या केंद्रात हलवण्यात आले. तिच्या आणि तिच्या आईवडिलांच्या संमतीने मी तेथील तपासण्यांना, बैठकांना आणि सरावाच्या सत्रांना वारंवार उपस्थित राहिलो. तिची ओळख उघड होऊ नये म्हणून केंद्राचे नाव देत नाही. मात्र अशा कोणत्याही केंद्रात काय पाहावे आणि काय विचारावे, हे वाचकाला ठरवता येईल एवढा तपशील देत आहे.

माझे मत आधीच सांगतो. हे केंद्र अतिशय चांगले आहे, आणि त्याचे मुख्य कारण असे की, तेथील लोक सुधारणेबद्दल जपून बोलतात आणि प्रत्येक विधानाला तपासणीचा आधार देतात. खेळाडूभोवतीची माणसे, म्हणजे आईवडील, सहखेळाडू आणि आम्ही प्रशिक्षक, जिद्दीच्या भाषेत बोलत असतो. ‘तू हार मानणारी नाहीस, तू उठणारच,’ असे तिच्या खाटेजवळ रोज कोणी ना कोणी म्हणत असे. मज्जारज्जूतील तुटलेले तंतू जिद्दीने जुळत नाहीत. पण ते जुळले नाहीत म्हणजे आपलीच जिद्द कमी पडली, असा अर्थ खेळाडू मनाशी लावून घेतो. या केंद्राने ते ओझे तिच्यावरून सुरुवातीलाच उतरवले. याबद्दल मला तेथील डॉक्टरांविषयी मनापासून कृतज्ञता वाटते.

दाखल झाल्यावर पहिले मोठे काम झाले ते आंतरराष्ट्रीय पद्धतीच्या मज्जासंस्थेच्या तपासणीचे. या तपासणीत शरीराच्या प्रत्येक बाजूच्या 10 ठरावीक स्नायूगटांना 0 ते 5 असे गुण दिले जातात, म्हणजे हालचालीचे एकूण गुण 100 होतात. त्वचेचे प्रत्येक बाजूचे 28 भाग कापसाच्या हलक्या स्पर्शाने आणि टाचणीच्या टोकाने तपासले जातात. सर्वांत महत्त्वाचा भाग मात्र गुदद्वाराजवळच्या संवेदनेचा आणि तेथील स्नायूच्या आकुंचनाचा असतो, कारण त्या भागाच्या नसा मज्जारज्जूच्या सर्वांत खालच्या टोकाशी जोडलेल्या असतात. तेथे काहीही जाणवत नसेल आणि आकुंचनही होत नसेल, तर इजा पूर्ण, म्हणजे ए श्रेणीची मानली जाते. तेथे जाणीव आहे पण इजेच्या खाली हालचाल नाही, तर बी; हालचाल आहे पण निम्म्याहून अधिक प्रमुख स्नायूंना गुरुत्वाकर्षणाविरुद्ध काम करण्याएवढे बळ नाही, तर सी; निम्म्या किंवा त्याहून अधिक स्नायूंना ते बळ आहे, तर डी; आणि सर्व काही पूर्ववत झाले, तर ई. संकोचामुळे गुदद्वाराजवळच्या तपासणीचा भाग टाळला जाण्याचा धोका असतो आणि तो टाळला, तर पुढचे सगळे अंदाज निराधार ठरतात. येथे एका महिला डॉक्टरांनी खोलीचे दार लावून, प्रत्येक टप्पा आधी समजावून आणि तिची परवानगी घेऊन तो पूर्ण केला. त्यानंतर ठरावीक अंतराने हीच तपासणी पुन्हा होत राहिली आणि प्रत्येक वेळचे गुणपत्रक तिच्या हाती देण्यात आले. आयुष्यभर गुणांवर मोजल्या गेलेल्या खेळाडूला आपली सुधारणाही आकड्यांत दिसणे किती आधाराचे असते, हे मी तिच्या चेहऱ्यावर पाहिले.

तिची श्रेणी बी आली, आणि टाचणीची जाणीव खालपर्यंत शिल्लक होती. पुढच्या बैठकीत डॉक्टरांनी याचा अर्थ तिच्याशी थेट बोलून सांगितला. आईवडिलांना बाजूला नेऊन कुजबुजण्याचा प्रकार येथे नव्हता. टोचणीची जाणीव वाहून नेणारे मार्ग आणि हालचालीचा मुख्य मार्ग मज्जारज्जूत एकमेकांच्या जवळून जातात, त्यामुळे केवळ स्पर्शाची जाणीव उरलेल्या रुग्णांपेक्षा टोचणी कळणाऱ्या रुग्णांमध्ये चालण्याएवढी ताकद परत येण्याची शक्यता बरीच अधिक असते, असे त्यांनी सांगितले. ए श्रेणीतील बहुसंख्य रुग्ण ए श्रेणीतच राहतात, तर डी श्रेणीतील बहुतेक सर्व जण काही ना काही प्रमाणात चालू लागतात. या दोन टोकांच्या मधल्या बी आणि सी श्रेणींमध्ये अंदाज सर्वांत कठीण असतो. सुधारणेचा मोठा भाग पहिल्या 6 ते 9 महिन्यांत घडतो, त्यानंतर वेग मंदावतो, आणि वर्ष-दीड वर्षानंतरही लहान बदल होऊ शकतात, पण त्यांच्या भरवशावर शिक्षण, घर आणि काम यांचे निर्णय लांबणीवर टाकू नयेत, असे त्यांचे म्हणणे होते. एका वाक्यात आशा आणि दुसऱ्या वाक्यात मर्यादा सांगताना त्यांचा आवाज बदलला नाही, हे मला विशेष वाटले.

नातेवाइकांनी त्या बैठकीत प्रसिद्ध खेळाडूंची उदाहरणे काढली, जशी ती सगळीकडेच काढली जातात. अमेरिकन फुटबॉलपटू केविन एव्हरेट 2007 च्या सप्टेंबरमध्ये मैदानावर मानेला इजा होऊन कोसळला, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये तो लोकांसमोर चालताना दिसला. रायन शेझियर 2017 च्या डिसेंबरमध्ये जखमी झाला आणि पुढच्या एप्रिलमध्ये व्यासपीठावर चालत आला, तरी व्यावसायिक खेळात तो परतू शकला नाही. दुसरीकडे एरिक लग्रँड हा महाविद्यालयीन खेळाडू 2010 मध्ये मानेच्या इजेनंतर व्हीलचेअरवर आला, आणि ऑलिंपिकमध्ये दोनदा सुवर्णपदक मिळवणारी जर्मन सायकलपटू क्रिस्टिना फोगल हिला 2018 मध्ये सरावातील धडकेनंतर कमरेखालचा लुळेपणा कायमचा आला. डॉक्टरांनी या चारही कहाण्या शांतपणे ऐकल्या आणि फरक कशात आहे ते दाखवले. एव्हरेटची हालचाल काही दिवसांतच परतू लागली होती, म्हणजे त्याच्या मज्जारज्जूतले काही मार्ग शाबूत होते. फोगलच्या बाबतीत तशी शक्यताच उरली नव्हती. या चौघांपैकी कोणाचीही मेहनत कमी नव्हती. खेळाडूचे वय कमी, फुप्फुसे आणि स्नायू तयार, शिस्त अंगवळणी पडलेली, या सगळ्याचा उपयोग उरलेल्या ताकदीचा पुरेपूर वापर करण्यासाठी होतो. किती तंतू वाचले, हे मात्र आघाताच्या क्षणी आणि त्यानंतरच्या काही तासांत बहुतांशी ठरून गेलेले असते.

त्या काही तासांविषयी येथेच एक गोष्ट नोंदवतो, जरी तिचा या केंद्राशी थेट संबंध नाही. मानेच्या इजेतील मज्जारज्जूवरचा दाब 24 तासांच्या आत शस्त्रक्रियेने काढलेल्या आणि त्यानंतर काढलेल्या रुग्णांची तुलना करणारा मोठा अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात किमान दोन श्रेणींची सुधारणा लवकर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी सुमारे 20 टक्के, तर उशिरा झालेल्यांपैकी सुमारे 9 टक्के रुग्णांत दिसली. म्हणून मैदानावर मान न हलवता खेळाडूला उचलणे आणि मणक्याची शस्त्रक्रिया होऊ शकेल अशाच रुग्णालयात थेट नेणे, या दोन गोष्टी प्रत्येक क्रीडा संस्थेने लिहून ठेवलेल्या असाव्यात.

आता प्रत्यक्ष उपचारांकडे वळतो. केंद्रात शिरल्यावर चालण्याची यंत्रे डोळ्यांत भरतात, पण मला सर्वांत मोलाचे वाटले ते हाताचे काम. मानेच्या सहाव्या पातळीपर्यंत, म्हणजे मानेतून निघणाऱ्या नसांच्या सहाव्या जोडीपर्यंत, बळ असलेल्या रुग्णाला मनगट वर उचलता येते, पण बोटे स्वतःहून मिटता येत नाहीत. मनगट वर उचलले की बोटांचे शिरबंध, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणारे दोर, ताणले जाऊन बोटे आपोआप किंचित मिटतात, आणि त्या हलक्या पकडीवर पेला, चमचा, पेन, फोन असे बरेच काही सांभाळता येते. ही पकड टिकवायची असेल, तर बोटांचे शिरबंध थोडे आखूडच राहू द्यावे लागतात. मनगट आणि बोटे एकाच वेळी मागे ताणली, तर ती कायमची सैल पडू शकते. जिम्नॅस्टला सगळे सांधे शेवटपर्यंत ताणण्याची सवय असते. तिच्या ऑक्युपेशनल थेरपिस्टने, म्हणजे रोजची कामे पुन्हा करायला शिकवणाऱ्या तज्ज्ञाने, ही बाब पहिल्याच सत्रात तिला, आईला, रात्रीच्या परिचारिकेला आणि मलाही करून दाखवली, आणि खाटेच्या डोक्याशी चित्रासह सूचना लावली. चांगल्या केंद्राची ओळख मला अशा ठिकाणी पटते.

त्याच थेरपिस्टने आणखी एक गोष्ट समजावली, जिने आम्हा सर्वांचे लक्ष योग्य जागी आणले. सातव्या पातळीचा स्नायू म्हणजे कोपर सरळ करणारा दंडाच्या मागचा स्नायू. तो परतला, तर हातांवर भार देऊन खाटेवरून व्हीलचेअरवर स्वतः सरकणे, अंग उचलून बसण्याची जागा बदलणे, डोक्यावरच्या वस्तूपर्यंत पोचणे शक्य होते, आणि दिवसातील कितीतरी तास दुसऱ्या माणसाची गरज उरत नाही. मानेच्या इजेत मूळ पातळीच्या लगेच खालची एक पातळी परत मिळण्याची शक्यता चांगली असते. त्यामुळे पायांकडे डोळे लावून बसलेल्या कुटुंबाला त्यांनी दंडाकडे पाहायला शिकवले. तिच्या उजव्या दंडात प्रथम केवळ थरथर जाणवली, मग आडव्या पातळीत हात सरळ होऊ लागला, आणि पुढे काही महिन्यांनी गुरुत्वाकर्षणाविरुद्धही. डावा दंड मागे राहिला. पायांत काही हालचाल परतली असून आता तिची श्रेणी सी आहे. आधार घेऊन ती उभी राहते, पण फिरण्यासाठी व्हीलचेअर वापरते. ज्या बाजूला स्नायू परतण्याची चिन्हे दिसत नव्हती, त्या बाजूसाठी केंद्राने नस जोडण्याच्या शस्त्रक्रियेचा सल्ला वेळेवर मिळवून दिला. काम करणाऱ्या स्नायूची एखादी नस निकामी स्नायूच्या नसेला जोडण्याच्या या शस्त्रक्रियेचा अनेकदा पहिल्या वर्षातच विचार करावा लागतो, आणि कित्येक रुग्णांपर्यंत तिची माहिती पोचते तेव्हा ती वेळ निघून गेलेली असते.

खेळाडूंच्या शरीराविषयीची जी समज सरावात तयार होते, तिच्यातली बरीचशी या इजेनंतर लागू होत नाही, आणि केंद्राने हे फार नीट हाताळले. हृदयाचा वेग वाढवणाऱ्या नसा छातीच्या वरच्या भागातील मज्जारज्जूतून निघतात. मानेच्या गंभीर इजेत मेंदूचे त्यांच्यावरचे नियंत्रण सुटते आणि कितीही जोर लावला तरी हृदयगती बहुधा 110 ते 130 च्या पुढे जात नाही. त्यामुळे वयावरून काढलेली हृदयगतीची कोष्टके बाजूला ठेवून तिच्या सरावाची तीव्रता तिला जाणवणाऱ्या श्रमांवर ठरवली गेली. इजेच्या खाली घाम येत नसल्याने उन्हाळ्यात तिचे शरीर पटकन तापते, म्हणून पाण्याचा फवारा आणि पंखा सत्राचा भाग होता. छातीच्या सहाव्या पातळीच्या किंवा त्यावरच्या इजेत भरलेले मूत्राशय, घट्ट पट्टा किंवा नखाची जखम एवढ्यावरूनही रक्तदाब अचानक जीवघेणा वाढू शकतो. डोके ठणकणे, चेहरा लाल होणे, इजेच्या वर घाम फुटणे ही त्याची लक्षणे आहेत. रुग्णाला ताबडतोब बसवणे, कपडे व पट्टे सैल करणे, कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, तपासणे हा प्रथमोपचार केंद्राने आमच्याकडून प्रत्यक्ष करून घेतला आणि तिच्या जवळ बाळगायचे कार्ड दिले. काही पॅरा खेळाडू कामगिरी वाढवण्यासाठी ही अवस्था मुद्दाम ओढवून घेत आले आहेत, आणि पॅरालिंपिकमध्ये त्यावर बंदी आहे, हेही तिला स्पष्ट सांगण्यात आले. वेदना गिळून सराव पूर्ण करण्याची सवय असलेल्या खेळाडूला हा धोका आधीच कळणे मला अत्यावश्यक वाटते.

त्वचा आणि मूत्राशय यांची काळजी तेथे सरावाइतकीच गंभीरपणे घेतली जाते. व्हीलचेअरवर दर 15 ते 30 मिनिटांनी पुढे किंवा बाजूला झुकून दाब हलका करणे, आरशाने त्वचा पाहणे, ठरावीक तासांनी स्वच्छ कॅथेटरने मूत्राशय रिकामे करणे, हे सगळे वेळापत्रकात लिहिलेले असते. एक दाबजखम अनेक आठवड्यांचा सराव हिरावून घेते, हे गणित तिला लगेच पटले.

यंत्रांबद्दल थोडक्यात लिहितो. केंद्रात शरीराचा भार उचलून धरणारा ट्रेडमिल, विजेच्या सौम्य झटक्यांनी पाय फिरवणारी सायकल आणि अंगावर चढवायचा यांत्रिक सांगाडा आहे. ट्रेडमिलवरील प्रशिक्षण आणि जमिनीवरचे तितक्याच तीव्रतेचे प्रशिक्षण यांत चालण्याच्या दृष्टीने लक्षणीय फरक पडत नाही, हे 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले होते, आणि केंद्राच्या फिजिओथेरपिस्टने ते न विचारता सांगितले. मानेवर त्वचेवरून विद्युत उत्तेजन देणाऱ्या एका उपकरणाला अमेरिकेत 2024 च्या डिसेंबरमध्ये मान्यता मिळाली. त्याच्या 60 रुग्णांच्या चाचणीत 72 टक्के जणांना हाताच्या ताकदीत आणि कामात फायदा झाला, पण ते सर्व रुग्ण जुन्या, मानेच्या इजांचे होते आणि उत्तेजन नेहमीच्या सरावाच्या जोडीने दिले गेले होते. ज्यांच्याकडे पर्याय उरलेले नाहीत, त्यांना मूलपेशींच्या नावाखाली महागडी इंजेक्शने विकणाऱ्या जागांपासून सावध राहण्याचा सल्लाही त्यांनी लेखी दिला. मज्जारज्जूची इजा बरी करणारा असा कोणताही सिद्ध उपचार आज उपलब्ध नाही, एवढे ते पत्रक सांगते, आणि एवढे पुरेसे आहे.

आता उणिवा. पहिली आणि मला सर्वांत खटकलेली उणीव मानसिक आधाराची आहे. समुपदेशक आठवड्यातून ठरलेल्या वेळी येत, आणि त्या वेळेला ती बोलू शकली नाही, तर पुढच्या भेटीपर्यंत कोणीही नसे. खेळाडूची ओळखच शरीराशी बांधलेली असते. रात्री, दिवे मालवल्यावर, जे प्रश्न येतात ते वेळापत्रकात बसत नाहीत. केंद्रात जुन्या रुग्णांना नव्या रुग्णांशी बोलायला आणण्याची प्रथा आहे, पण ती अनियमित आहे. एकदा आलेल्या व्हीलचेअर रग्बीच्या खेळाडूशी झालेल्या तासाभराच्या बोलण्यानंतर तिच्यात जो बदल दिसला, तो पाहता ही भेट प्रत्येकाला पहिल्या महिन्यातच मिळायला हवी.

याच्याशीच जोडलेली दुसरी उणीव म्हणजे खेळ फार उशिरा सुरू होतो. लुडविग गुटमन यांनी स्टोक मँडव्हिल येथील रुग्णालयात खेळाला उपचाराचाच भाग बनवले, आणि 29 जुलै 1948 रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्या दिवशी, तेथे 16 रुग्णांची तिरंदाजीची स्पर्धा घेतली. त्यातूनच पुढे पॅरालिंपिकची चळवळ उभी राहिली. चारही हातपायांत लुळेपणा असलेल्यांसाठीचा व्हीलचेअर रग्बी 1977 मध्ये कॅनडातील विनिपेग येथे जन्मला. हा इतिहास केंद्राच्या भिंतींवर चित्रांत आहे, पण तिच्या हाती पहिला चेंडू आला तो घरी परतण्याच्या थोडेच दिवस आधी. तिच्यासारख्या रुग्णाला खेळ म्हणजे नंतरचा विरंगुळा वाटत नाही. पकड, तोल आणि खांद्याची ताकद यांचे ते सर्वांत आवडीचे साधन ठरले असते.

सुट्टीच्या दिवशी सत्रे बंद असतात, आणि घरी पाठवताना दिलेली कागदपत्रे चांगली असली तरी पहिल्या काही आठवड्यांत फोनला उत्तर मिळायला वेळ लागला. वार्षिक तपासणीत मूत्रपिंडाची सोनोग्राफी, खांद्यांची तपासणी आणि त्वचेची पाहणी ठरलेली आहे, ही समाधानाची बाब. व्हीलचेअर मात्र तिच्या मापाची, हलक्या चौकटीची आणि चाकांचा आस योग्य जागी असलेली मिळाली, त्यासाठी तज्ज्ञाने दोन वेगवेगळ्या सत्रांत मापे घेतली. पुढची अनेक वर्षे खांद्यांवर पडणारा भार याच कामावर अवलंबून असतो.

बी, सी आणि डी श्रेणींतील, मानेच्या पाचव्या पातळीपासून खालची इजा असलेल्या आणि स्वतः श्वास घेऊ शकणाऱ्या खेळाडूसाठी मी हे केंद्र निःसंकोचपणे सुचवेन, आणि ए श्रेणीतील रुग्णासाठीही, कारण हात, त्वचा, मूत्राशय आणि व्हीलचेअर यांचे शिक्षण त्यालाच सर्वाधिक लागते. कुटुंबाने दाखल होतानाच समुपदेशकाच्या भेटी आणि जुन्या खेळाडूंशी भेट लेखी मागून घ्यावी. इजा मानेच्या चौथ्या पातळीच्या वर असेल आणि श्वासासाठी यंत्र लागत असेल, तर श्वासपटलाचा प्रश्न आधी सोडवावा लागतो. त्यासाठीचा विभाग येथे नाही, म्हणून अशा खेळाडूला प्रथम श्वसनयंत्र हळूहळू सोडवण्याची सोय असलेल्या केंद्रात न्यावे आणि तेथून येथे हलवण्याची तारीख दोन्ही डॉक्टरांनी मिळून ठरवावी.